दुब्नाची बाबागाडी

मित्रांनो, मी एक जुनी बाबागाडी आहे. जुनी म्हणजे चांगली अडतीस वर्षांची. माझ्या वयाच्या बाबागाड्या आता बहुतेक फोटोंतच उरल्या आहेत, आणि त्या फोटोंतही लोक आतल्या बाळाकडे बघतात, गाडीकडे कोणी बघत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, आमचं कामच तसं आहे. पण आज थोडा वेळ माझ्याकडे बघा.

माझा जन्म रशियातल्या दुब्ना या गावी, व्होल्गा नदीच्या काठी झाला. नदीच्या एका बाजूला अणूच्या पोटात काय दडलंय ते शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची मोठी संस्था होती आणि दुसऱ्या बाजूला विमानांचे भाग बनवणारा कारखाना. पावाच्या रांगेत उभं राहिलं तर पुढे एक प्रोफेसर आणि मागे एक प्रोफेसर, असं ते गाव. कारखान्याला वरून हुकूम आला होता की लोकांच्या घरात लागणाऱ्या वस्तूही बनवा. मग ज्यांनी आयुष्यभर विमानं जोडली, त्याच हातांनी मला जोडलं. चार मोठी चाकं, चामडी पट्ट्यांवर झुलणारं निळं अंग आणि वर मेणकापडाचं छप्पर. माझं वजन विचाराल तर मी सांगणार नाही.

मला विकत घेतलं ते रत्ना आणि अरुण या मराठी जोडप्यानं. अरुण मुंबईहून तीन वर्षांसाठी त्या संस्थेत आला होता. रत्ना तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिच्या कडेवर तीन महिन्यांची चारुता होती. आता रत्नाला सगळे आजी म्हणतात. मी मात्र रत्नाच म्हणते, कारण तिला पाव मागायलाही रशियन येत नव्हतं तेव्हापासून मी तिला ओळखते.

शेजारी तमारा नावाची बाई राहायची. रत्नानं तिची तमाराकाकू करून टाकली होती. एका जानेवारीत दुपारी, बाहेर उणे आठ असताना, चारुताच्या रडण्यानं दमलेल्या रत्नाचा डोळा लागला. जाग आली तर पाळणा रिकामा. अनवाणीच ती बाल्कनीत धावली, तर तिथे मी उभी होते आणि माझ्यात दुलईत पुडक्यासारखी बांधलेली चारुता गाढ झोपली होती. मदतीला आलेल्या तमाराकाकूनंच तिला तिथे झोपवलं होतं आणि ती आत शांतपणे रत्नाची भांडी घासत होती. तिथली सगळी बाळं दुपारी अशीच थंड हवेत झोपत आणि आया खिडकीतून लक्ष ठेवत. रत्ना मात्र बाळाला उराशी धरून खूप रडली आणि काकूला मराठीतून वाटेल ते बोलली. काकूला त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण आठ दिवस तिनं दार वाजवलं नाही.

नवव्या दिवशी रत्नानंच तिचं दार वाजवलं. पुढचे दोन हिवाळे चारुता माझ्यातच झोपली. तिचे गाल गुलाबी झाले, भूक वाढली आणि रत्नालाही दुपारची दोन तास उसंत मिळू लागली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता.

मग अरुणला अमेरिकेत, मिशिगनमधल्या लान्सिंगच्या विद्यापीठात काम मिळालं. मला तिथेच कोणाला तरी द्यावं असं ठरत होतं. पण अरुणला पुस्तकांसाठी खोका हवा होता, म्हणून त्यानं पुस्तकं माझ्यात भरली. असा मी समुद्र ओलांडला, पोटात जाडजूड ग्रंथ घेऊन. पुढची तीस-पस्तीस वर्षं मी लान्सिंगच्या गॅरेजमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी काढली. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले गेले. एकदा उंदरानं संसार थाटला. कोणी मला टाकलं नाही आणि कोणी हातही लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी अरुण गेला. रत्नानं लान्सिंगचं घर विकलं आणि ती मिशिगनमधल्याच ट्रॉय गावी चारुताकडे राहायला आली. येताना तिनं मोजकंच सामान आणलं, त्यात मी होते. चारुताचा नवरा नील मला बघून म्हणाला, की आई, या टँकचं काय करायचं? रत्ना एवढंच म्हणाली, की राहू दे रे. नील मनानं चांगला आहे. त्यानं मला गॅरेजमध्ये कोपरा दिला.

चारुता काय काम करते ते सांगायलाच हवं. एका मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत ती लहान मुलांच्या सीट तपासते. खोटी बाळं सीटमध्ये बांधून मोटारी भिंतीवर आपटायच्या आणि कुठला पट्टा तुटला ते बघायचं. अशा बाईच्या घरात माझी काय किंमत असणार? सप्टेंबरमध्ये तिला मुलगी झाली, नीना. तिच्यासाठी नवी बाबागाडी आली. ती एका हातानं मिटते आणि तिला कॉफीचा कप ठेवायला जागा आहे. या गोष्टीचं घरात फार कौतुक झालं. मी नाक मुरडलं, पण गॅरेजमध्ये ते कोण बघणार?

नीना दिवसा झोपायची नाही. वीस मिनिटं डोळा लागला की पुन्हा रडणं. चारुता इतकी थकली होती, की एकदा दूध कपाटात ठेवून तिनं डिशवॉशरचा साबण फ्रिजमध्ये ठेवला. डिसेंबरमध्ये तिची रजा संपत होती आणि जानेवारीपासून एका डेकेअरमध्ये जागा धरून ठेवलेली होती. रत्नाच्या मनात मात्र एकच गोष्ट होती. तिला नीनाला सांभाळायचं होतं. अरुण गेल्यापासून या घरात तिची कोणाला गरज पडली नव्हती. नीनामुळे ती पडेल, अशी तिला आशा होती. ती मागून मागून थकली, तेव्हा चारुता म्हणाली, "ठीक आहे, दोन वीक्स ट्राय करू. मग डिसाइड करू."

पहिले सहा दिवस बरे गेले. सातव्या दिवशी नीना सकाळपासून रडत होती. रत्नानं ओव्या म्हटल्या, खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या, पाठ चोळली. बाहेर बर्फ पडून थांबलं होतं, वारा नव्हता, स्वच्छ ऊन होतं. शून्याच्या आसपासची थंडी दुब्नाच्या माणसाला थंडी वाटतच नाही. रत्ना गॅरेजमध्ये आली. तिनं मला पुसलं, गादी हीटरजवळ गरम केली, नीनाला तीन थरांत गुंडाळलं आणि मला मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवर नेऊन उभं केलं. ती मला झुलवू लागली. सात मिनिटांत नीना झोपली.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी एका जिवंत बाळाचं वजन माझ्या पट्ट्यांवर आलं होतं. मी श्वाससुद्धा जपून घेतला असता. रत्ना आत गेली आणि खिडकीत उभी राहून मेथी निवडू लागली. तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. पण पलीकडच्या घरातून ती खिडकी दिसत नाही. तिथून दिसत होती ती फक्त बर्फात एकटी उभी असलेली बाबागाडी. शेजारणीनं वाट पाहिली, कोणी येत नाही म्हटल्यावर तिनं पोलिसांना फोन केला. मी तिला दोष देत नाही. एकटं बाळ बघून गप्प बसणारी शेजारीण काय कामाची?

पोलीस ऑफिसर तरुण मुलगी होती. तिनं हातमोजा काढून नीनाच्या मानेला बोट लावलं आणि ती उबदार आहे, झोपली आहे, असं वहीत लिहिलं. ती अदबीनं बोलत होती. तरी इतक्या वर्षांचं इंग्रजी रत्नाला त्या क्षणी सापडेना. ऑफिसरनं चारुताला फोन लावला. चारुता ऑफिसातून वीस मिनिटांचा रस्ता बारा मिनिटांत कापून आली.

ऑफिसर गेल्यावर चारुता माझ्याशेजारीच उभी राहून बोलली. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, तू तिला बाहेर ठेवलंस? फ्रीझिंगमध्ये? एकटीला?"

"मी खिडकीत होते गं."

"खिडकीत म्हणजे आत, आई." मग ती म्हणाली, "मी आता तिला तुझ्याजवळ कशी सोडून जाऊ?"

त्या दिवसापासून चारुता घरूनच काम करू लागली. रत्ना नीनाला मांडीवर घ्यायची, पण चारुता त्याच खोलीत असायची. नीलनं मला गॅरेजच्या दाराशी आणून ठेवलं, कारण गुरुवारी मोठा कचरा नेणारा ट्रक येतो. रत्नानं लान्सिंगच्या एका मैत्रिणीला फोन करून तिकडच्या सीनियर अपार्टमेंटची, म्हणजे म्हाताऱ्या माणसांसाठीच्या घरांची, चौकशी केली. मी दाराशी असल्यामुळे ते सगळं मला ऐकू आलं.

बुधवारी संध्याकाळी कपडे ड्रायरमध्ये टाकायला चारुता गॅरेजमध्ये आली, तशी रत्ना मागोमाग आली. मला वाटलं आता ती दुब्नाचं सांगेल, तिथली बाळं कशी धडधाकट होती ते सांगेल, माझी बाजू घेईल. तिनं यातलं काही केलं नाही.

"थंडीचं तू म्हणतेस ते खरं की माझं खरं, ते राहू दे," ती म्हणाली. "तुझं बाळ आहे. मी तुला विचारलं नाही. रिकामा पाळणा बघून आईला काय होतं ते मला ठाऊक होतं, तरी विचारलं नाही. चुकलं माझं."

चारुतानं हातातले ओले कपडे ड्रायरमध्ये टाकले. मग तिनं विचारलं, "ती किती वेळ झोपली होती त्या दिवशी?"

"ऑफिसर आली तेव्हा पावणेतीन तास झाले होते."

नीना जन्मात कधी दिवसा पावणेतीन तास झोपली नव्हती. चारुता माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत आता राग नव्हता, ऑफिसात असते तशी नजर होती. गुरुवारी ट्रक आला आणि मला न घेता गेला.

शनिवारी माझी परीक्षा झाली. चारुतानं सहा किलो तांदळाची पिशवी घेतली, तिला नीनाचे कपडे घातले, टोपी घातली, पोटाशी गरम पाण्याची पिशवी बांधली आणि दुलईत गुंडाळून माझ्यात ठेवली. दुलईत बारीक तारा खोचल्या होत्या, त्या तिच्या लॅपटॉपला आतलं तापमान सांगत होत्या. नील दारातून म्हणाला, की यार, तांदळाला थंडी वाजली तर मला हाक मार. दोन तास ती स्वतः कोट घालून माझ्याशेजारी बसली आणि दर दहा मिनिटांनी आकडे लिहीत राहिली. आतली ऊब शेवटपर्यंत टिकली. मी मान ताठ केली. मग तिनं मला घरासमोरच्या उतारावर नेलं, ब्रेक लावला आणि हात सोडला. मित्रांनो, मी घसरले. तांदूळ घेऊन थेट बर्फाच्या ढिगात. विमानांच्या कारखान्यात जन्मलेली मी, माझा ब्रेक नापास झाला होता. त्या तांदळाच्या जागी नीना असती तर, या विचारानं माझी ताठ मान खाली गेली. चारुताला तपासखोर म्हणून मी मनातल्या मनात हसले होते, त्याची मला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तिनं मला नवा ब्रेक बसवला, बाळाला बांधायचा पट्टा लावला आणि चाकांचं रबर बदललं. रत्नाशी बसून तिनं नियम ठरवले. बाहेर झोपवायचं ते वारा नसताना, शून्याच्या खाली नाही, नीनाच्या डॉक्टरनं सांगितलं तेवढाच वेळ. बाळाला हात पोचेल एवढ्या अंतरावर माणूस बसलेलं हवं, खिडकीतून बघायचं नाही. रत्ना सगळ्याला हो म्हणाली. शेजारणीकडे जाऊन रत्नानं तिला हे नियमही सांगितले आणि तिचे आभार मानले. डेकेअर आठवड्यातून तीन दिवस ठरलं. मंगळवार आणि गुरुवार आजीचे.

मित्रांनो, मी फार दिवसांची नाही. उन्हाळ्यात नीना उठून बसायला लागली की मी तिला पुरणार नाही आणि कप ठेवायची सोय असलेली ती दुसरी गाडी तिला घेऊन जाईल. म्हणून आत्ताच सांगते. घरातली जुनी वस्तू टाकायच्या आधी एकदा नीट तपासून बघा, आणि वापरायच्या आधीही तपासा, कारण आम्ही जुन्या वस्तू स्वतःला वाटतो तेवढ्या धडधाकट नसतो. घरातल्या जुन्या माणसांना समजून घ्या, आणि जुन्या माणसांनो, तुम्हीही नव्यांना विचारत जा.

जानेवारीतल्या पहिल्या मंगळवारी चारुतानं नीनाला स्वतः माझ्यात ठेवलं, पट्टा लावला, दोनदा ओढून बघितला आणि ऑफिसला गेली. रत्ना कोट आणि मफलर घालून माझ्याशेजारी खुर्चीत बसली. सकाळभर ती फोनकडे बघत होती. तो वाजेल आणि नीना कशी आहे, गार तर नाही ना पडली, असं विचारलं जाईल, याची ती वाटच बघत होती. फोन वाजला तो दुपारी एक वाजता.

"आई, तू जेवलीस का?" चारुतानं विचारलं.

"नाही अजून," रत्ना म्हणाली. पलीकडून चारुता म्हणाली, की आधी जेवून घे, आणि फोन ठेवला. नीनाबद्दल तिनं एक शब्दही विचारला नव्हता.