दहा नंबरचा पाना

आमची कंपनी श्रीमंतांना खासगी जेट भाड्याने देते. मी तिथे नटबोल्ट आवळतो. तीन आठवडे पेपरात एकच चघळणं: दिल्लीवाले हिला गिळणार. दुसऱ्या दिवशी, नाही, हीच बंगळूरवाल्यांना गिळणार. लिहिणाऱ्यांच्या बापाचं काय जातं? आम्हा दीडशे जणांच्या नोकऱ्यांवर एक ओळ नाही.

भोईवाड्यात घरी बाबा रोज विचारायचे, "हत्यार आणलंस?"

बाबा कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. मालक बदलणार, बदलणार म्हणता म्हणता एका सकाळी गेटला टाळं. त्यांची कात्री आतच राहिली. आता तिथे टॉवर आहे.

"टाळं सांगून लागत नाही रे, अमित."

मी हसायचो. पण शुक्रवारी सुटताना दहा नंबरचा पाना डब्याच्या पिशवीत टाकला. माझाच होता, नाव कोरलेला.

घरात पाऊल टाकतोय तोच हत्यारांच्या स्टोअरच्या कालिंदीताईंचा फोन.

"दहा नंबर कुठाय?"

"माझ्याकडे."

"घरी? अक्कल गहाण टाकलीस काय मेल्या? बोर्डावर जागा रिकामी. पाना डोळ्यांना दिसेस्तोवर विमान हलणार नाही. इंजिनात राहिला नाही कशावरून? आणि विमानात दिल्लीवाले बसलेत, सौदा करायला आलेले!"

नियम मला पाठ होता. भीतीपुढे आठवला नाही. आता नोकरी गेलीच.

टॅक्सीत बाबाही घुसले, पाना रुमालात धरून. हँगरच्या गेटवर दिल्लीच्या इंजिनियर अनुजा मॅडम उभ्या.

"का नेला?"

"टाळं लागेल म्हणून."

"माझी कात्री राहिली होती, बाई," बाबा मागून म्हणाले.

मॅडमनी पान्यावरचं नाव वाचलं. पाना बोर्डावर टांगला, विमान गेलं.

मंगळवारी हातात मेमो. पुन्हा हत्यार बाहेर नेलंस तर कारवाई. घरी येऊन डोकं धरून बसलो. वाचून दाखवल्यावर बाबांनी कागद ओढून घेतला. त्यांना इंग्रजी येत नाही, पण गिरणीतला माणूस आधी शिक्का बघतो.

"हा शिक्का तुमचा नाही रे."

बघितलं. दिल्लीच्या कंपनीचा. म्हणजे सौदा झाला. पेपरवाल्यांच्या आधी बातमी आमच्या खोलीत आली होती.

"येड्या, ज्याला काढायचं त्याला 'पुन्हा' कोण म्हणतं? आम्हाला साधी चिठ्ठी नव्हती." बाबांनी मेमोची घडी घालून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली. "पाना कुठाय?"

"आत, बोर्डावर. आपल्या जागेवर."

"राहू दे तिथेच," ते म्हणाले, आणि आईकडे आणखी एक तळलेला बोंबील मागितला.