प्रतिवादी क्रमांक तीन

नवी सेवाज्येष्ठता यादी सूचनाफलकावर लागली आणि बाई पाचव्या नंबरावरून चौथ्यावर आल्या. आधीच्या तिघांची बढती ठरलेलीच होती, त्यामुळे अधीक्षकाची पुढची जागा आता बाईंची. तरी अख्ख्या कार्यालयात त्यांचं अभिनंदन करायला कुणी धजावेना. कारण चौथ्यावरून गडगडत अकराव्यावर गेलेला माणूस त्यांचा नवरा होता.

ते त्याच मजल्यावर अभिलेख कक्षात, जुन्या दस्तांच्या कपाटांमध्ये बसायचे. कुणीही घाईने आलं की ते हात वर करून म्हणायचे, "सावकाश, सावकाश." म्हणून त्यांचं नावच सावकाशराव पडलं होतं. बावीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्या गावच्या कार्यालयातून बदलीवर इथे आले होते. नियम असा, की स्वतःच्या विनंतीवरून बदली घेतली तर आधीची नोकरी ज्येष्ठतेत धरत नाहीत. सावकाशरावांना खात्यानेच पाठवलं होतं, म्हणून त्यांची आधीची सहा वर्षं इतके दिवस बिनबोभाट धरली जात होती. पण नव्या साहेबांनी जुन्या फायली उपसल्या आणि सावकाशरावांच्या सहीचा एक अर्ज निघाला. 'माझी बदली करावी ही नम्र विनंती.' झालं!

"म्हणजे आईने बाबांना ओव्हरटेक केलं?" संध्याकाळी लेकीने विचारलं.

"तेही डावीकडून," सावकाशराव म्हणाले. "जाऊ दे गं. खुर्ची घरातच राहिली ना!"

बाईंनी हातातला पेला ओट्यावर आपटला. "मला हवीय ती खुर्ची. गेली पाच वर्षं डोळा आहे माझा तिच्यावर. पण तुम्हाला ढकलून मिळालेली नकोय. उद्या वकिलाकडे जायचं."

वकीलबाई वयाने लहान, पण बोलायला चोख होत्या. कागद चाळून त्या म्हणाल्या, "न्यायाधिकरणात जाऊ. पण तुम्ही जिंकलात तर ज्यांचं नुकसान होईल, त्या सगळ्यांना प्रतिवादी करावं लागेल." मग जरा चाचरत बाईंकडे वळल्या. "म्हणजे तुम्हालासुद्धा."

"मग घाला की माझं नाव. त्यात लाजायचं काय?"

खातं आणि कार्यालय हे पहिले दोन प्रतिवादी, बाई तिसऱ्या. नोटीस त्यांच्या टेबलावर आली तेव्हा त्यांनी शांतपणे सही केली, शिक्का मारला आणि एक वाजता डबा घेऊन नेहमीसारख्या अभिलेख कक्षात गेल्या. सावकाशरावांनी डब्याचं झाकण उघडता उघडता विचारलं, "विरुद्ध पक्षासोबत जेवलं तर चालतं ना?"

"चालतं. फक्त भाजी अर्धी ठेवा."

चार महिन्यांनी खात्याचं उत्तर आलं आणि सोबत त्या अर्जाची प्रत जोडलेली होती. आत्तापर्यंत तो अर्ज कुणी दोघांना दाखवला नव्हता. बाईंनी जेवणाच्या टेबलावर तो उलगडला, पहिली ओळ वाचली आणि कागद दिव्याखाली धरला. गाठ मारल्यासारखा तो 'क्ष', डोक्यावरून लांब ओढलेली ती रेघ. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

मग सगळं आठवलं. तेव्हा त्या नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, "तो नवा माणूस हजर झालाय ना, त्याच्याकडून विनंतीअर्ज घेऊन ठेवा, फाईल पुरी दिसायला हवी. तारीख घालू नका." बाईंनी नमुना बघून अर्ज लिहिला आणि त्या नव्या माणसापुढे सरकवला. त्यानेही मुकाट्याने सही ठोकली.

"अहो, हा मी लिहिलाय," त्या कशाबशा म्हणाल्या.

सावकाशरावांनी चष्मा चढवला. "खरंच की. तुझंच अक्षर."

"सही करताना वाचला नव्हतात?"

"कागदाकडे बघायला सवड कुणाला होती तेव्हा!"

एरवी बाई हसल्या असत्या. आता त्यांचे डोळे भरून आले. ज्या कागदाने नवऱ्याची सहा वर्षं खाल्ली तो त्यांनीच लिहिला होता, आणि फायदाही त्यांनाच झाला होता. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण स्वतःच्याच मनाला काय सांगणार?

सावकाशराव पहिल्यांदाच गंभीर झाले. "हे बघ, तू काही बोलू नकोस. बिनतारखेचा अर्ज का लिहिलास म्हणून तुझीच चौकशी लावतील. खुर्चीही जाईल."

"लावू देत चौकशी. लिहिताना घाबरले, आता घाबरणार नाही."

सुनावणीच्या दिवशी दोघं एकाच रिक्षातून गेले आणि आत जाऊन वेगवेगळ्या बाकांवर बसले. सरकारी वकिलांनी अर्ज उंच धरून दाखवला. "अर्जदाराने स्वतः विनंती केली होती, म्हणूनच बदली झाली. सहीसुद्धा नाकारलेली नाही."

तेव्हा बाई उभ्या राहिल्या. आदल्या आठवड्यातच त्यांनी प्रतिज्ञापत्र दिलं होतं. न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी ते चष्म्याखालून पुन्हा वाचलं.

"हा अर्ज तुमच्या हातचा आहे?"

"हो साहेब. माझ्या नोकरीच्या अर्जाशी अक्षर ताडून बघा."

"तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"याच कार्यालयात. इथून कधी हललेच नाही."

"आणि अर्जदारांना तुम्ही पहिल्यांदा कधी भेटलात?"

"ते इथे हजर झाले त्या दिवशी. त्याआधी असा माणूस जगात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मग त्यांच्या बदलीचा अर्ज मी आधी कसा लिहीन?"

दालनात खसखस पिकली. सरकारी वकील कागद खाली-वर करत राहिले. सदस्यांनी विचारलं, "अर्जदार जिंकले तर तुमची जागा जाईल, कल्पना आहे?"

"आहे साहेब," त्या उभ्या राहूनच म्हणाल्या.

सहा आठवड्यांनी निकाल आला. बदलीचा हुकूम आधीचा आणि अर्ज नंतरचा, हे मान्य झालं. यादी रद्द झाली, सावकाशराव पुन्हा चौथे, बाई पाचव्या. चौकशी काही लागली नाही, नुसती लेखी समज मिळाली. बाईंनी ती स्वतःच्याच हाताने स्वतःच्या सेवापुस्तकात नोंदवली, कारण ते काम त्यांच्याकडेच होतं.

सावकाशरावांच्या बढतीचा हुकूम आला त्या दुपारी सगळी शाखा त्यांच्याभोवती गोळा झाली. बाई तेवढ्यात अभिलेख कक्षात गेल्या आणि कपाटांमागे उभ्या राहून थोडं रडल्या. आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दल तिळभर शंका नव्हती. पण खुर्ची हवी होती, ती गेली, त्याचं वाईट वाटायचं ते वाटलंच.

मागे पावलं वाजली. सावकाशरावांनी काही समजूत घातली नाही. शेजारी येऊन उभे राहिले आणि रुमाल पुढे केला.

"रडून घे. मी बाहेर सांगितलंय, फाईल शोधतायत म्हणून."

"कुठली फाईल?"

"ते अजून ठरवलं नाही."

बाईंना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी नाक पुसलं, पदर सारखा केला. मग मान वर करून नव्या अधीक्षकांना नीट न्याहाळलं आणि त्यांच्या सदऱ्याचं चुकीच्या काजात गेलेलं वरचं बटण काढून बरोबर लावलं.

"चला," त्या म्हणाल्या, "लोक थांबलेत तुमच्यासाठी."