हलकी काडतुसं

अंबाजींनी दुनळी बंदूक मधोमध मोडून उघडली, दोन्ही नळ्यांतून आभाळ बघितलं आणि लाल काडतुसं आत सरकवून बंदूक नातीच्या हातात दिली.

"पाय रोव. दस्ता खांद्यात घट्ट बसव. आन् डोळं उघडं ठिव."

स्नेहलने मान हलवली. समोरून मातीची चकती उडाली, बंदूक कडाडली आणि चकती अख्खीच्या अख्खी करवंदीच्या जाळीत जाऊन पडली. स्नेहल दोन पावलं मागं गेली होती.

"मिटलंस डोळं."

"नाही आबा."

"म्या काय आंधळा हाय?"

आंबीच्या कारखान्यात माल तपासताना मोठमोठ्या सुपरवायझरांचे पार्ट नापास करून परत पाठवणारी ही पोर. पण आजोबांपुढं तिला खोटं धड बोलता येत नसे. दुसऱ्या नळीलाही तिचे डोळे मिटले.

ही नेमबाजीची रेंज टेकडीच्या पोटाशी होती. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी मावळातल्या जुन्या दुनळ्या तिथं जमत. प्रत्येक घराला दोन चकत्या, एकेका नळीची एकेक. घरातल्या कुणीही एकानं उडवायच्या, पण बंदूक वाजली पाहिजे. नवलाख उंबरे गावाहून अंबाजी दर वर्षी पांढरी टोपी घालून यायचे, चकत्या फोडायचे आणि मग दिवसभर छाती काढून हिंडायचे.

यंदा मात्र घरात वेगळंच चाललं होतं. अंबाजींनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. बंदूक आता घरात दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करायला हवी होती, आणि मुलगा निलेश, स्नेहलचा बाप, म्हणत होता, ही ब्याद बंदुकीच्या दुकानात जमा करून टाकू. स्नेहल म्हणाली, "मला द्या." निलेश आधी हसला. मग म्हणाला, "ठीक. दसऱ्यानंतर सगळ्यांसमोर दोन्ही नळ्या उडव. जमलं तर तुझी. नाही जमलं तर आबा, तुम्हीही हट्ट करायचा नाही." अंबाजींनी तिथल्या तिथं होकार देऊन टाकला आणि वर आंबीच्या सीतारामला, दर वर्षी रेंजवर चुरस करणाऱ्या जुन्या सोबत्याला, फोन करून सांगितलं, "आवंदा आमची पोर उडवनार. तुला काय करायचं ते कर." हे सगळं त्यांनी पोरीचा पहिला बार बघायच्या आधीच करून ठेवलं होतं.

पहिल्या सरावाच्या त्या संध्याकाळी आजीनं, शालूबाईंनी, तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम केली आणि नातीला आतल्या खोलीत नेलं. अंबाजी पाणी प्यायला आत डोकावले, तर स्नेहलचा खांदा पिकल्या जांभळासारखा झालेला. तिनं घाईनं ओढणी ओढून घेतली.

"का गं, सांगितलं न्हाईस?"

"त्यात काय सांगायचं, आबा."

"हलकी काडतुसं मिळत्यात म्हनं हल्ली," शालूबाई म्हणाल्या. "आना की."

"हलकी? ती काय दिवाळीची टिकली उडवती का? आमी आयुष्यभर भारीच वापरली. बंदूक हाय, खांद्याला लागायचीच."

"व्हय का? मग तुमचा खांदा इतकी वर्सं ह्याच मिठानं कोन शेकत व्हतं?"

अंबाजी पाणी न पिताच बाहेर आले. ओट्यावर बराच वेळ उगाच टोपी काढ-घाल करत बसले.

दुसऱ्या दिवशी निलेशच्या गाडीतून ते पुण्याला बंदुकीच्या दुकानात गेले. निलेश गाडीतच थांबला. ते बरंच झालं. काउंटरवर राजेंद्र नावाचा मालक होता. अंबाजींनी बंदूक आणि परवाना पुढं ठेवला आणि आवाज उतरवून म्हणाले, "जरा हलकी काडतुसं द्या. म्हंजी, बंदूक जुनी हाय ना. तिला सोसत न्हाई."

राजेंद्रनं बंदूक मोडली, नळीच्या घरात, काडतूस बसतं त्या जागेत, मोजपट्टी घातली, मग अंबाजींच्या पिशवीतलं लाल काडतूस उचलून बघितलं. त्याचा चेहरा बदलला.

"आबा, तुम्ही सहज बोललात, पण खरंच सोसत नाही हो हिला. हिचं घर अडीच इंची आहे. हे काडतूस पावणेतीनचं."

"बसतंय की बराबर."

"भरलेलं बसतं. उडताना त्याचं तोंड उघडतं, त्याला पुढं जागा नको? मग आत दाब चढतो. एखाद्या दिवशी नळी फाटली असती." त्यानं दोन्ही नळ्यांवरून बोट फिरवलं, उजेडात धरून बघितल्या. "नशीब तुमचं. नळ्या शाबूत आहेत. कधीपासून वापरताय ही?"

वडलांच्या वेळची आखूड काडतुसं सोडून ही लांब, भारी काडतुसं अंबाजींनीच हौसेनं सुरू केली होती. भारी ते चांगलं, एवढाच हिशोब. आणि तीच नळी त्यांनी पोरीच्या गालाशी लावली होती. त्यांनी लाल काडतुसांची पिशवी काउंटरवर पालथी केली.

राजेंद्रनं निळी, आखूड काडतुसं काढून दिली. छर्रा कमी, दारू कमी, धक्का आधीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. लाल तेवढी ठेवून घेतली.

पुढच्या रविवारी रेंजवर पहिल्या बारानंतर स्नेहल जागची हलली नाही. तिनं आश्चर्यानं बंदुकीकडं आणि मग आजोबांकडं बघितलं.

"काय केलंत आबा?"

"काडतुसं बदलली. हलकी हायती." अंबाजींनी इकडंतिकडं पाहिलं. "कुनाला बोलायचं न्हाई पर. त्या सीतारामला तर अजाबात न्हाई."

"नाही बोलणार."

दुपार व्हायच्या आत तिचे डोळे उघडे राहायला लागले, आणि डोळे उघडे राहिल्यावर चकत्या फुटायला लागल्या. अंबाजी जाळीत जाऊन फुटलेले तुकडे बघून आले.

दसऱ्यानंतरच्या त्या रविवारी रेंजवर खुर्च्या भरल्या होत्या. नवलाख उंबऱ्याचं नाव पुकारलं आणि पोरगी उठल्यावर मागं कुजबुज झाली. निलेश हाताची घडी घालून कडेला उभा राहिला. अंबाजींनी लोकांकडं पाठ करून बंदूक भरली, काडतुसाचा रंग कुणाला दिसू नये म्हणून.

पहिली चकती डावीकडून उडाली. स्नेहलनं तिच्या मागून नळी नेली, थोडी पुढं काढली आणि चाप ओढला. चकतीचा भुगा झाला. दुसरी उंच गेली. ती खाली वळायच्या आत फुटली.

टाळ्या पडल्या. निलेशनं हाताची घडी सोडली आणि तोही वाजवायला लागला. अंबाजींनी रिकामी काडतुसं काढून घाईनं मुठीत घेतली. त्यांना नाचावंसं वाटत होतं.

सीताराम पुढं आला. "आयला, अंबाजी! पोर हाय का खांब? येवढ्या भारी बारानं खांदा हलला न्हाई तिचा."

स्नेहलनं आजोबांकडं पाहिलं. मग तिनं तोंड कसनुसं केलं आणि खांदा धरला.

"नाही हो सीतारामआबा, लय लागतं. हात बधिर झालाय बघा."

चांगलं बोलली. सीताराम पटल्यासारखी मान डोलवत होता. अंबाजींना हवं ते सगळं झालं होतं; नुसतं गप्प बसायचं होतं. पण ज्या घटकेला पोरीनं मान ताठ करून उभं राहायचं, त्या घटकेला ती खांदा धरून वाकली होती, खोटं दुखणं घेऊन, आजोबाची पत राखायला. ते त्यांना बघवेना.

"खोटं बोलती ती," अंबाजी म्हणाले. "नीट हुबी राहा गं."

त्यांनी मूठ उघडून निळी काडतुसं सीतारामपुढं धरली.

"हलकी हायती. म्याच आनली. आन् ह्या बंदुकीला हीच लागत्यात, हे मला म्हाताऱ्याला ह्या वर्साला कळलं. आजवर भारी घालून पोरीचा आन् माजा, दोघांचाबी जीव टांगनीला लावला व्हता म्या."

दोघंतिघं हसले. अंबाजींनी त्यांच्याकडं वळून बघितलं.

"काडतूस हलकं हाय. चकती न्हाई. चकत्या माज्या नातीनं फोडल्या."

हसणं थांबलं. स्नेहलचा हात खांद्यावरून खाली आला.

सीतारामनं एक काडतूस उचलून निरखलं. मग अंबाजींच्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "दुकान कुटलं म्हनलास?" आणि विचारता विचारता स्वतःचा उजवा खांदा चोळला.

अंबाजींनी दुकान सांगितलं. चांगलं मोठ्यांदा सांगितलं.

तेवढ्यात रेंज चालवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी लगबगीनं आले. "आबा, तुमच्याशिवाय हा दिवस झालाय कधी? दोन चकत्या जास्तीच्या ठेवल्यात तुमच्यासाठी. चला, उठा."

स्नेहलनं बंदूक पुढं केली. अंबाजींनी दस्त्यावर हात ठेवला. लाकूड अजून पोरीच्या गालानं ऊबदार होतं. त्यांनी ती तशीच तिच्याकडं परत सारली.

"नगं साहेब," ते म्हणाले. "आमच्या घरची वाजली."