न धुतलेलं बोट

पुस्तकबांधणीच्या कारखान्यातली प्रथमोपचाराची पेटी थोरल्या जावेच्या ताब्यात होती. चावी कमरेला आणि तिखट जिभेला. जंतुनाशक मलमाची ट्यूब ती अशी पिळायची, जणू पाहुण्यांना घरचं तूप वाढतेय.

त्या दिवशी धाकट्या जावेचं बोट कागद कापायच्या सुरीखाली आलं. दोन्ही हात चिकटवायच्या खळीने बरबटलेले. "ताई, आधी नळावर धुऊन येते," ती म्हणाली.

"नळावर गेलीस की तिकडचीच होतेस! आण इकडे." शाळेची पुस्तकं संध्याकाळी रवाना व्हायची होती. थोरलीने फडक्याने रक्त टिपलं, खळीवरच मलमाचा जाड थर दिला आणि पट्टी आवळली. "झालं! बोटभर जखम नि हातभर बोंब." साऱ्या बायका हसल्या. धाकटीही हसली.

दुसऱ्या दिवशी बोट ठणकायला लागलं. "कामचुकारपणावर मलम नसतं गं," थोरली सगळ्यांदेखत बोलून गेली. तिसऱ्या दिवशी बोट टम्म फुगलं, अंगात ताप चढला. तेव्हा मात्र देवाचं नाव घेत थोरली जावेला दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरबाईंनी पट्टी सोडली. पुवात वाळक्या खळीचे पापुद्रे होते. "न धुता मलम कोणी फासलं? आणखी एक दिवस गेला असता, तर बोटाचं काही खरं नव्हतं!"



"मीच लावलं," धाकटी म्हणाली. "घाईत होते."

"अक्कल गहाण टाकली होतीत का?"

धाकटीने मान डोलावली. थोरली नुसती पिशवी सावरत राहिली.

पायऱ्या उतरल्यावर तिचे पाय अडले. "थांब जरा इथं," म्हणत ती रांग ओलांडून परत आत शिरली. "बाई, मलम मी लावलं होतं. ती धुते म्हणत होती, मीच जाऊ दिलं नाही."

डॉक्टरबाई दुसऱ्या कुणाचा घसा बघत होत्या. "बरं. मग रोज पट्टी तुम्हीच बदला. आधी साबणाने हात धुवा." बस, एवढंच.

"कशाला गेलात परत?" धाकटीने विचारलं.

"माझ्या वाटची बोलणी तू खाल्लीस. ती मागायला गेले होते, मिळाली नाहीत."

 धाकटी हळूच म्हणाली, "ताई, डॉक्टरबाई मला कुठं ओळखतात? कारखान्यात मात्र मी अजून कामचुकारच आहे."

"उद्या सांगते," थोरली म्हणाली. "सगळ्या आल्या की." आणि म्हणता म्हणताच तिचे कान तापले.