घाटावरचं सत्तर

मित्रांनो, मी बुलढाण्याच्या एका कॉलेजातलं, बॉईलच्या नियमाचं जुनं उपकरण आहे. दोन काचनळ्या, त्यांना जोडणारी रबराची नळी, आत पारा आणि मागे सागवानी फळी, एवढाच माझा पसारा. आज मात्र गोड बोलायची माझी मुळीच इच्छा नाही, हे आधीच ऐकून घ्या.

अंबाल्याहून गवतात गुंडाळून मला आणलं, तेव्हा काय कौतुक होतं! माझ्या एका नळीचं तोंड बंद, तिच्यात थोडी हवा कोंडलेली. दुसरी, उघड्या तोंडाची नळी वर सरकवली की पाऱ्याचा दाब वाढतो आणि ती हवा आक्रसते. उघड्या तोंडावर बाहेरच्या हवेचाही दाब असतो, तो पाऱ्याच्या दाबात मिळवायचा. दाब दुप्पट झाला की जागा निम्मी. दोन्हींचा गुणाकार दर वेळी सारखाच. पोरं डोळे फाडून बघायची.

मग मला कपाटात टाकलं ते सतरा वर्षं. प्रयोगवहीत मात्र मी दरसाल हजर! गेल्या वर्षीच्या वहीतले आकडे यंदाच्या वहीत, बाहेरच्या हवेचा दाब पुस्तकातला, पाऱ्याचे शहात्तर सेंटिमीटर, गुणाकार चोख. मला बोट न लावता माझ्या नावावर खोटं खपवता, लाज कशी वाटत नाही?

यंदा बारावीतल्या अपेक्षानं हट्टानं मला बाहेर काढायला लावलं. घरी भाजीपाल्याचं शेत, पण पोरीला पुढं अमरावतीला शिकायचं होतं आणि एकेक मार्क हवा होता. तीन दुपारी तिनं मोजमाप केलं. शहात्तर धरलं की दाब वाढेल तसा गुणाकार घसरायचा. नळ्या तपासल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग तिला आठवलं, शेगावहून येताना एसटी घाट चढते तेव्हा कानाला दडे बसतात. म्हणजे वर हवेचा दाब कमी. एकेक आकडा उतरवत तिनं सत्तर धरून पाहिलं आणि सगळे गुणाकार जुळले. अहो, जुळणारच!

वही तपासताना भौतिकशास्त्राच्या मार्तंड सरांनी लाल पेनानं त्या सत्तरवर काट मारली.

"सर, शहात्तर समुद्राकाठचं हाय न जी," ती म्हणाली. "आपण घाटावर राह्यतो. इथली हवा पातळ हाय."

"मला माहीत आहे ते," सर खालच्या आवाजात म्हणाले. "पण बाहेरचा परीक्षक शहात्तरच बघतो. मार्क जातील तुझे."

माहीत होतं म्हणे! माहीत असून इतकी वर्षं शहात्तर लिहून घेतलं या माणसानं! माझ्या काचा तडकायच्याच बाकी राहिल्या.

अपेक्षानं पान फाडलं आणि मैत्रिणीच्या वहीतून शहात्तर उतरवून घेतलं. पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मला पुन्हा कपाटात ठेवताना तिनं माझ्या फळीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं, 'बुलढाणा, ७०. मी स्वतः मोजलं. अपेक्षा.'

मित्रांनो, माझं रबर विरलं तरी चालेल, काच फुटली तरी चालेल. पण कधी धूळ झटकायला याल, तेव्हा मागच्या बाजूला फडकं फिरवू नका.