लुगड्याची गाठ

"आई, प्लीज, आत जाऊन सीन नको करूस," चर्चसमोर गाडी थांबवत मोना म्हणाली.

"सीन कसला? माझ्या आईचं लुगडं मागायला चाललेय." उल्कानं दार आपटलं.

उल्काचा स्वभावच संशयी. अमेरिकेत, अर्विंग गावातल्या ज्या दुकानात ती पोळ्या लाटायची, तिथली कोथिंबीरसुद्धा ती जुडी सोडून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. मग लुगड्याचं काय! दोन वर्षांपूर्वी सोलापुरात आई गेली, तेव्हा ग्रीन कार्डाच्या कागदांपायी तिला जाता आलं नाही. भावानं आईचं इरकल कुरियरनं पाठवलं, तेवढंच हाती लागलं.

चर्चच्या या हॉलमध्ये दर शनिवारी टोंगा बेटांवरून आलेल्या बायका मिळून गोधड्या शिवत. एका वेळी एकीची गोधडी, टाके सगळ्यांचे. त्यांच्यातल्याच, दुकानात बरोबर काम करणाऱ्या सेलानं उल्कालाही ओढलं आणि यंदा पाळी तिची आली. तिनं गोधडीसाठी आईचं लुगडं पिशवीत घालून, वर दुहेरी गाठ मारून, सगळ्यांत वडीलधाऱ्या लुपेमावशीच्या हाती दिलं. त्याला पाच शनिवार झाले. लुपेमावशी पिशवी आणायची, टेबलावर ठेवायची, जाताना घरी न्यायची. बाकीच्या नुसतं अस्तर शिवत बसायच्या. उल्काची नजर पिशवीकडे वळली की कुजबुज थांबायची. म्हातारीनं लुगडं केव्हाच लंपास करून आत जुने टॉवेल कोंबलेत, असं उल्काच्या मनानं घेतलं होतं.

"माझं लुगडं परत द्या," ती आत शिरताच म्हणाली.

सुया थांबल्या. लुपेमावशीनं पिशवी तिच्यापुढे सरकवली.

गाठ दुहेरी होती, टोकं आत खुपसलेली, वर कणकेचा वाळलेला डाग. तिचीच गाठ. कुणी बोटही लावलं नव्हतं. उल्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मला वाटलं, तुम्ही घेतलंत."

"माहीत होतं," म्हातारी हसली. "म्हणून तर तुझ्यासमोर ठेवायचे."

"मग कापलं का नाही?"

"गेलेल्या आईचं कापड पहिल्यांदा लेकीनंच कापायचं, आमच्याकडे तसंच असतं," सेला म्हणाली. "आणि लेकीला कुणी घाई करायची नाही. मला वर्ष लागलं होतं."

उल्का गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. कुणीही मदतीला आलं नाही. शेवटी सुटली, आणि आईच्या ट्रंकेतला कापराचा वास आला. सोलापूरला जे रडायचं राहिलं होतं, ते ती त्या परक्या बायकांत बसून रडली.

मग लुपेमावशीनं कात्री पुढे केली.

"केवढं कापू?"

"तुला देववेल तेवढं."

उल्कानं काठ सोडून तळहाताएवढा तुकडा कापला. बाहेर मोनानं दोनदा हॉर्न वाजवला. उल्कानं उरलेलं लुगडं घडी करून पिशवीत घातलं, पिशवी पुन्हा लुपेमावशीच्या हातात दिली. या खेपेला तिनं गाठ मारली नाही.