आबाजींनी आणलेला समुद्र

मी खाडीच्या चिखलातला एक जुना जीव आहे. जुना म्हणजे आमच्या मानाने. मिठाच्या खड्याहून बारीक असणाऱ्याचं म्हातारपण ते केवढं! मला पाय नाहीत. काटेरी डोकं बाहेर काढायचं, काटे चिखलात रोवायचे आणि मागून अंग ओढायचं, ही माझी चाल. भीती वाटली की डोकं आत.

मित्रांनो, एकदा त्या चिखलात कुणीतरी हवेचे बुडबुडे सोडले. मी त्यांच्यासोबत वर आलो आणि पाण्यावर टेकवलेल्या कागदाला चिकटलो. कागद धरला होता रागिणीने. अमरावतीच्या कॉलेजात ती आमच्यासारख्यांची वर्गवारी लावते. समुद्राच्या पाण्याच्या डबीत बसून मी रेल्वेने अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरलो. पण वाटेत डबीभोवतीचा बर्फ वितळला, ऊन लागलं आणि माझे सगळे सोबती गेले. एकटा मी उरलो.

रागिणी मला काचेवरच्या थेंबात ठेवून भिंगाखाली न्याहाळायची. अंगाचे अकरा खंड तिला दिसले. पण डोकं आणि मानेच्या पट्ट्या पाहिल्याशिवाय माझं कुळ ठरत नव्हतं, आणि मी तर घाबरून डोकं घट्ट मिटून बसलेला. तसाच मेलो असतो, तर तिची सगळी मेहनत वाया गेली असती.

अशात दर्यापूरहून तिचे आजोबा, नत्थुजी, घाम पुसत आले.

"आबाजी, एवढ्या उन्हात काहून आले?"

"तूच फोनवर म्हणे ना, त्याले समुद्राचं पाणी लागते. आपल्या बोअरचं आणलं बाटलीभर. डाळ शिजत नाही त्याच्यात, इतकं खारं हाय!"

रागिणी खळखळून हसली. "आपल्या खारपाणपट्ट्याचं पाणी म्हणजे समुद्र नोहे आबाजी! बसा तुमी. मी मॅडमले बोलावून आणतो. हात नोका लावू त्याले."

ती गेली. माझा थेंब आटत चालला होता. आबाजींनी वाकून पाहिलं.

"वाळून राह्यला गड्या तू," ते म्हणाले आणि त्यांनी बाटलीतलं पाणी माझ्यावर सोडलं.

काय सांगू! माणसाच्या जिभेला खारट, पण माझ्यासाठी ते अगदीच फिकं पाणी. ते माझ्या अंगात घुसलं. मी फुगलो, ताणलो, धरून ठेवता येईना, आणि झटक्यात डोकं बाहेर!

"आबाजी! काय केलं हे?" मॅडमना घेऊन परतलेली रागिणी दारातून ओरडली.

"तहानला होता ना बिचारा."

तिने भिंगाला डोळा लावला. मग मॅडमचा हात धरून ती नाचायलाच लागली.

"निघालं! काटे दिसले! पट्ट्या मोजा मॅडम... पुऱ्या सोळा! सापडलं याचं कुळ!"

"म्हंजे पास झाला काय तो?" आबाजींनी विचारलं.

"तो बी अन तुमी बी!"

डोकं पुन्हा आत जाऊ नये म्हणून तिने लगेच मला आहे तसा थिजवणाऱ्या औषधाचा थेंब टाकला. तेवढी एकच कळ मला आठवते. आता मी काचेवर आहे, काटे फुलवून, कुळाच्या नावासकट.

मित्रांनो, माझ्या खाडीत अजून असंख्य जीव बिननावाचे आहेत. चिखलच तर आहे म्हणून लोक तिथे राडारोडा आणून टाकतात. पावसाळा संपला की रागिणी पुन्हा जाणार आहे. ती पोचेपर्यंत तरी तो चिखल जिवंत राहू द्या.